तेरा माणसांची माडी

त्या सकाळी मी एका दारावर चिडलेलो होतो. कारखान्यात बनवलेलं, वरून गुळगुळीत, आतून पोकळ, आणि जरा दमट हवा लागली की फुगून बसणारं. मालकाला म्हटलं, हे दार नाही, पुठ्ठा आहे. याला बिजागरी कशाला, डिंकानं चिकटवा. तो फणकाऱ्यानं निघून गेला. आमची बायको म्हणते, लाकडाला मारता तसा जिभेलाही रंधा मारत जा कधीतरी. मारला असता, पण या वयात आता काय सरळ होणार आहे!

तर अशा वेळी ताई माझ्या शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तीन किलोमीटर चालत आल्या होत्या. मी उठलोच. ताई कधी गावात यायच्या नाहीत. आपण बाहेर पडलो तर मागे घराला कुणी नसतं, असं त्यांचं म्हणणं. जसं काही घर रडत बसणार होतं.

"मिस्त्री, ते येताहेत," त्या म्हणाल्या. दम लागलेला, पण चेहरा इतका फुललेला की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"कोण येताहेत?"

"कोण म्हणजे काय? छोटू! सगळे! आठ दिवस राहायला!"

छोटू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. साठी उलटली, डोक्यावर औषधाला केस नाही, तिन्ही मुलांची लग्नं झाली, नातवंडं शाळेत जातात. पण ताईंच्या तोंडी अजून छोटूच. मी त्यांना भाऊ म्हणतो. भाऊ, वहिनी, तीन मुलं, सुना-जावई मिळून तीन, आणि पाच नातवंडं. ताईंनी माझ्यासमोर बोटांवर मोजले. तेरा झाले. चूक नको म्हणून पुन्हा एकदा मोजले.

"माडीवर तेरा जणांची झोपायची सोय आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकदा येऊन सगळं टोलवून बघा. महिना आहे हातात."

मी म्हटलं, "उद्याच येतो. पण आता बसा, पाणी प्या. तुम्हीच आडव्या झालात तर तेरा जणांना वाढणार कोण?"

ताईंची गोष्ट तशी मोठी नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्या वीस-बावीसच्या होत्या. आई आठ वर्षं पडून होती. ती गेली आणि वडिलांची नजर गेली. त्यांचं सगळं करता करता ताईंचं लग्नाचं वय कधी निघून गेलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे आलं असणार, बोललं कुणी नाही. भाऊ शिकायला शहरात गेले आणि तिकडचेच झाले. वडिलांनी जाताना शेत मुलाला दिलं आणि घर मुलीला. शेत भाऊंनी दुसऱ्याला कसायला देऊन टाकलं. घर ताईंनी सांभाळलं, सव्वीस वर्षं, एकटीनं.

आणि घर म्हणजे काय घर होतं! कमरेइतकं उंच दगडी जोतं. दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती. खाली एक मोठी खोली, तिच्यावर माडी, माडीवर कौलांचं छप्पर. सगळा भार चौदा लाकडी खांबांवर. भिंती नुसत्या वारा अडवायला. माडी पेलायला तीन तुळया आडव्या टाकलेल्या, एकेक अशी की माझ्या कवेत मावायची नाही. तुळईचं टोक खांबाच्या खाचेत बसवायचं आणि वरून लाकडाची मेख ठोकायची, असं काम. अख्ख्या घरात लोखंडाचा खिळा नाही. मागच्या अंगाला स्वयंपाकघर, बुटकं, वेगळ्या छपराचं, मोठ्या घराला पाठ टेकून बसलेलं. माझे वडील त्या घराची डागडुजी करायचे, त्यांच्यामागून मी.

दरवर्षी एकदा मी ते घर टोलवायचो. म्हणजे लाकडी हातोडी घ्यायची, एकेका खांबाला, तुळईला, वाशाला ठोकायचं आणि कान द्यायचा. चांगलं लाकूड ठण् म्हणतं. आतून गेलेलं लाकूड भद्द वाजतं. ताई बॅटरी घेऊन माझ्यामागे फिरायच्या. एवढ्या वर्षांत त्यांचाही कान इतका तयार झाला होता की मी तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणायच्या, "हा वासा बदलायला झाला, नाही का?" मला रागच यायचा. तीस वर्षं घासून मिळवलेली विद्या, आणि ही बाई फुकटात शिकून बसली!

आता त्या घर कसं जपायच्या ते सांगतो. हसलात तरी चालेल, मीही हसायचो. माडीच्या फळ्या झिजू नयेत म्हणून त्या भिंतीच्या कडेकडेनं चालायच्या. जिनाही कडेनंच चढायच्या, पायऱ्यांना मधे खड्डा पडू नये म्हणून. उन्हानं लाकडाचा रंग उडतो म्हणून खिडक्या बंद. मोठ्या खोलीत बसायचं नाही, ती पाहुण्यांची. त्या स्वतः स्वयंपाकघरात खाट टाकून झोपायच्या. माडीवर मात्र गाद्या, उशा, पांघरुणं. शहरात नातवंड झाल्याची बातमी आली की इथं एक गादी वाढायची. दर आठवड्याला सगळ्या झटकायच्या, चादरी बदलायच्या. त्या गाद्यांवर झोपायचं कोण? कुणी नाही.

मी एकदा बोललोही, "ताई, घर राहायला असतं, बरणीत घालून ठेवायला नाही."

त्या म्हणाल्या, "तुम्ही पटाशी वापरून झाली की पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवता की नाही? मग!"

मी हातातली पटाशी पुसली, फडक्यात गुंडाळली आणि घरी निघालो.

नऊ वर्षांपूर्वी भाऊ सगळ्यांना घेऊन आले होते, चार दिवसांसाठी. तेव्हा स्वयंपाकघरातली मोठी चूल पेटायची. तिचा धूर मधल्या दारावरच्या झरोक्यातून मोठ्या खोलीत शिरायचा, तिथून फळ्यांच्या फटींतून माडीवर चढायचा आणि कौलांमधून बाहेर पडायचा. पिढ्यान्‌पिढ्या तसंच चाललेलं. तुळया काळ्या कुळकुळीत, हात लावला तर बोटं काळी व्हायची. तर झालं असं की छोट्या नातीला खोकला लागला. वहिनींच्या साड्यांना धुराचा वास यायला लागला. "ताई, कशा राहता हो तुम्ही या अंधारात?" वहिनी म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. कीव करून म्हणाल्या. चार दिवसांसाठी आलेली माणसं दुसऱ्या दिवशी जेवून निघाली.

गाडी दिसेनाशी झाली आणि ताईंनी मला बोलावणं धाडलं. "मिस्त्री, हे घर उजळ करून द्या."

आणि मी! मी अगदी टपूनच बसलो होतो. एवढं देखणं लाकूड, आणि त्याचा खरा रंग कुणी पाहिलेला नाही, हे मला कायम सलायचं. चार महिने मी पत्र्यानं आणि पॉलिश पेपरनं ती काजळी खरवडत होतो. पोती भरली. खालून लाकूड निघालं ते मधाच्या रंगाचं, एकेक रेघ मोजून घ्यावी असं. त्यावर पॉलिशचे दोन हात मारले. ताईंनी चूल विझवली आणि गॅसची शेगडी आणली. मधल्या दारावरचा झरोका मी फळी बसवून बंद केला, इतका बेमालूम की नवख्याला सापडू नये. स्वयंपाकघराला तेवढा हात लावला नाही. पाहुणे तिकडे कशाला जातील, असा विचार. लोक मुद्दाम घर बघायला यायचे आणि मी छाती काढून उभा राहायचो. आमची बायको म्हणाली, "घर त्यांचं, पण मिरवताय तुम्हीच."

ताईंनी फोटो पाठवले. भाऊंचं उत्तर आलं, "मस्त झालंय! आता येतोच." त्या 'येतोच'ला नऊ वर्षं झाली. दरवर्षी काहीतरी निघायचंच. परीक्षा, गुडघा, कुणाची बदली. ताई म्हणायच्या, "पुढच्या वर्षी नक्की." आणि गाद्या झटकायला माडीवर चढायच्या.

म्हणून सांगतो, त्या दिवशी तीन किलोमीटर चालत आल्या त्या उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. ताईंनी अंगण झाडून ठेवलेलं, सगळ्या खिडक्या सताड उघडलेल्या. खिडक्या! मला दारातच ठेच लागली. एका कागदावर कोण कुठं झोपणार ते लिहून ठेवलं होतं. "छोटूला खिडकीपाशी, त्याला उकडतं. मुलं मधोमध, म्हणजे रात्री खाली पडायची भीती नाही. आणि मी या वेळी माडीवरच झोपणार हं, दारापाशी. कुणाला पाणी लागलं तर उठायला बरं." सत्तरी ओलांडलेली बाई, पण सहलीला निघालेल्या पोरीसारखं चाललं होतं.

मी कामाला लागलो. खांब टोलवले. ठीक. जिना ठीक. मग शिडी लावून पहिल्या तुळईपाशी गेलो.

इथं मला एक कबूल करायचंय. काजळी काढल्यापासून मी हातोडीला फडकं गुंडाळायला लागलो होतो. का, तर पॉलिशला खोक पडू नये! नऊ वर्षं मी ते घर फडक्यातून टोलवत होतो. फडक्यातून सगळंच लाकूड सारखं वाजतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मला कळत नव्हतं असं नाही. पण खाली उभं राहून वर बघितलं की ते लाकूड असं झळकायचं की मनात शंका यायलाच जागा नव्हती.

त्या दिवशीही फडक्यातूनच मारली. मग काय वाटलं कोण जाणे. तेरा माणसं डोळ्यांपुढं आली असतील. मी फडकं सोडलं आणि मारली.

भद्द.

हातभर पलीकडे मारली. भद्द. मागे ताईंच्या हातातल्या बॅटरीचा उजेड भिंतीवर हलला. त्यांनी ऐकलं होतं, आणि त्यांनी ऐकलंय हे मला कळलं होतं, आणि तरी आम्ही दोघंही काही झालं नसल्यासारखे दुसऱ्या तुळईकडे गेलो. तीही तशीच. तिसरी जरा बरी, पण एका टोकालाच. मी पटाशी काढली आणि पॉलिशवर टेकवून नुसती दाबली. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तसं पीठ गळायला लागलं, पिवळं, मऊ.

"हे पीठ रोज सकाळी असायचं," ताई म्हणाल्या. "मी धूळ समजून झाडून टाकायचे."

मी शिडीवरून उतरलो आणि जमिनीवर बसकण मारली. माझे वडील मला सांगायचे, त्या घराची चूल विझू द्यायची नाही. मला वाटायचं, म्हातारा भरल्या घराबद्दल काहीतरी बरं बोलतोय. तो धंद्यातली गोष्ट सांगत होता! लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याला धूर सोसत नाही. त्या काजळीनं इतकी वर्षं ते लाकूड राखलं होतं, आणि मी शहाण्यानं ते चार महिने घाम गाळून सोललं आणि भुंग्यापुढं ताट वाढून ठेवलं. वर झाकण म्हणून पॉलिश.

"ताई, हे मी केलं," मी म्हणालो.

"पॉलिश मी मागितलं होतं."

"तुम्ही मागाल हो! सुतार तुम्ही की मी? उद्या तुम्ही म्हणाला असतात पाया उकरून द्या, तर मी उकरला असता?"

ताई विचार करून म्हणाल्या, "काम आवडलं असतं तर उकरला असतात."

त्यांनी माझी अशी थट्टा कधी केली नव्हती. मला हसूही येईना आणि मान वर करून बघवेना.

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली, शांतपणे. चूल पुन्हा पेटवली तर? मी म्हटलं, भुंगा जाईल कदाचित, पण खाल्लेलं लाकूड परत येत नाही. आणि एका माणसाच्या स्वयंपाकाला धूर तो कितीसा होणार? तो मोठ्या खोलीच्या मध्यापर्यंतसुद्धा पोचायचा नाही. त्या चुलीवर एके काळी पंधरा-वीस माणसांचं शिजायचं, तेव्हा कुठं माडी काळी झाली.

"माडी किती जणांना पेलेल?"

"तुम्हाला एकटीला. तेही कडेकडेनं चाललात तर."

"तेरांना?"

मी मान हलवली. "एका पोरानं उड्या मारल्या तरी नाही."

"मग खाली मोठ्या खोलीत झोपवते सगळ्यांना."

"ताई, वरती तीच माडी आहे ना."

"टेकू लावून?"

"लावीन. पण टेकूंच्या भरवशावर तुमची नातवंडं आत झोपवायची आणि मी घरी जाऊन पाठ टेकायची, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. आणि महिन्याभरात तुळया बदलून होत नाहीत. एवढ्या घेराचं लाकूड आता मिळतंच कुठं?"

त्या जिन्यावर बसल्या. पायरीच्या मधोमध बसल्या, आयुष्यात पहिल्यांदा असतील. "सव्वीस वर्षं या, या करतेय," त्या म्हणाल्या. "आणि आता ते येताहेत, तर मीच येऊ नका म्हणायचं."

दोन दिवस त्यांनी भाऊंना फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. छोटूनं लाकडाचं काही विचारलं तर तुम्ही सांगा, म्हणाल्या. फोन मोठ्या आवाजावर लावून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. मी दारापाशी उभा.

"छोटू, अरे, माडीच्या तुळयांना कीड लागलीय. मिस्त्री म्हणतात, एवढ्या माणसांचा भार नको."

भाऊ म्हणाले, "अगं, मग बरं झालं वेळेवर सांगितलंस! नको, नको, उगाच धोका नको. लहान मुलं आहेत."

"नाही, तसं नाही. स्वयंपाकघर भक्कम आहे. तुम्ही दोघं दोघं करून या. आधी तू आणि ती या, चार दिवस राहा, मग मुलं..."

"छे, छे, तुला कशाला तेवढा त्रास? खरं सांगू का, मुलांच्या मनात समुद्रावर जायचं होतं. मीच म्हटलं, ताईला वाईट वाटेल. आता प्रश्नच मिटला. त्यांनी एक बंगलाही बघून ठेवलाय तिकडे." मागे कुणीतरी आनंदानं ओरडलं. भाऊ हसले. "ऐकलंस ना? आणि हे बघ, मिस्त्रींकडून नीट दुरुस्त करून घे. घर शाबूत राहिलं पाहिजे. बाबांची आठवण आहे."

"हो," ताई म्हणाल्या.

फोन बंद झाला. मला असा संताप आला की दाराची चौकट धरून उभा राहिलो. ज्या छपराखाली तेरा माणसांनी आठ दिवस काढायला धोका आहे, त्याच छपराखाली आपली म्हातारी बहीण रोज केर काढते, गाद्या झटकते, हे त्या माणसाच्या डोक्यात डोकावलंसुद्धा नाही! 'तू इकडे ये' हे राहू दे, 'जरा जपून राहा' एवढं तरी म्हणावं? माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. ताईंपुढं गिळल्या.

ताई ओट्याकडे बघत उभ्या होत्या. "किती सुटल्यासारखं बोलला हो," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी चहा केला. आम्ही प्यायलो. कप विसळून पालथे घातले, हात पुसले आणि मग म्हणाल्या, "मिस्त्री, उतरवा."

"काय उतरवू?"

"माडी. मोठी खोली. सगळं. स्वयंपाकघर तेवढं राहू द्या."

"ताई, भलतंच काय! रागाच्या भरात..."

"रागावले नाही मी. दमलेय. तेरा माणसांचं घर एकटीनं किती दिवस झाडू? मी घर सांभाळते, घर सांभाळते म्हणत नुसती वाट बघत बसले, मिस्त्री. इतकी वर्षं. मला कुणी सांगितलं कसं नाही?"

मी तर नऊ वर्षं पॉलिश बघत होतो.

अशी घरं पाडायची नसतात, उतरवायची असतात. माडी उतरवताना मला खांबांच्या खाचांमध्ये जुन्या सुतारांनी पटाशीनं केलेल्या खुणा सापडल्या. एक रेघ, दोन रेघा, एक फुली. कुठलं टोक कुठल्या खाचेत जायचं त्याच्या त्या खुणा. माडीच्या खुणा एका हाताच्या, मोठ्या खोलीच्या दुसऱ्या. स्वयंपाकघराच्या खांबांना खूणच नव्हती. चारच खांब, चुकणार काय? तेव्हा कुठं मला कळलं की घराची सुरुवात तिथून झाली होती. कुणीतरी एकट्यानं येऊन आधी ती एक खोली आणि चूल उभी केली. मग माणसं वाढली तशी मोठी खोली आली, मुलांना मुलं झाली तशी माडी चढली. आम्ही त्याच वाटेनं उलटे निघालो होतो. चार गडी, तीन आठवडे. ताई अंगणात स्टुलावर बसून कौलं पुसून रचत होत्या.

पहिली तुळई दोरानं खाली सोडली तेव्हा जमिनीला टेकताच तिचे दोन तुकडे झाले. आतून नुसता भुसा. मी सगळ्या गड्यांच्या देखत रडलो. बरोबरचा गवंडी बिचारा उगाच विडी शोधत राहिला.

गाद्या ताईंनी एका वसतिगृहाला दिल्या. न्यायला आलेला माणूस म्हणाला, "बाई, या तर नव्याच आहेत. एकीलाही खळगा पडलेला नाही." ताई म्हणाल्या, "हो, नव्याच आहेत."

राहिलं ते बुटकं स्वयंपाकघर. उघड्या पडलेल्या बाजूला मी भिंत बांधून घेतली, एक मोठी खिडकी बसवली, तुळई फडक्याशिवाय टोलवली. ठण् वाजली. ताईंनी गॅसची शेगडी परत केली आणि चूल पेटवली.

शेत कसणाऱ्यानं शहरात कळवलं असणार. नऊ वर्षांच्या बोलावण्यानं झालं नाही ते एका बातमीनं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ हजर! एकटेच, भाड्याच्या गाडीतून. मी खिडकीला कडी बसवत होतो. ते रिकाम्या जोत्यासमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"ताई, हे काय करून बसलीस? बाबांचं घर! मला एका शब्दानं विचारलं नाहीस! आणि मिस्त्री, तुम्ही? तुम्हाला तरी अक्कल हवी होती."

"अक्कल असती तर घर उभं असतं, भाऊ," मी म्हणालो. "तुमच्या बाबांचं घर मी नऊ वर्षांपूर्वीच घालवलं. आता नुसतं खाली ठेवलं."

त्यांना ते कळलं नाही, आणि समजून घ्यायला ते आलेही नव्हते. जोत्यावर चढून इकडून तिकडे फेऱ्या मारल्या. खाली उतरले. "अगं, पण आता आम्ही आलो तर राहायचं कुठं?" ते ओरडले.

ताई चुलीपुढून उठल्या. मला वाटलं, आता काहीतरी ऐकवतील. मी असतो तर ऐकवलंच असतं. पण त्यांनी पदराला हात पुसले, लगबगीनं आपल्या खाटेवरची चादर झटकली, उशी सारखी केली आणि म्हणाल्या, "ये ना. आज राहा. तू खाटेवर झोप, मी खाली घालते. तांदूळ आत्ताच धुतलेत, आणखी एक मूठ टाकते." टोमणा नव्हता हो. त्या खरंच विचारत होत्या, आणि हातात उशी तशीच धरून उत्तराची वाट बघत होत्या.

भाऊंनी मान वळवून फाटकाकडे बघितलं. गाडीवाल्यानं इंजिनसुद्धा बंद केलेलं नव्हतं.